नातवाला उचलू का?
स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर हाताची सूज आणि सुरक्षित व्यायाम

सुरतेत ‘सुजलेला अवयव’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम हत्तीपाय उभा राहतो. दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यात हत्तीरोग हा सार्वजनिक आरोग्याचा जुना विषय आहे. रात्री घरोघरी फिरून रक्ताचे नमुने घेणारी पथके आणि २००४ पासून देशभर राबविली गेलेली सामूहिक औषधोपचाराची मोहीम अनेक वाचकांना आठवत असेल. परंतु या हत्तीपायाची एक सख्खी बहीण आहे. ती डासामुळे होत नाही, कृमीमुळेही होत नाही. स्तनाच्या कर्करोगावर जे उपचार जीव वाचवितात, त्यांच्याच पाठोपाठ ती काही स्त्रियांच्या हाताला येते. अमेरिकेतील सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक विल्यम हाल्स्टेड यांनी १९२१ साली या सुजेवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी तिला नावच ‘शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग’ असे दिले होते. आज वैद्यकशास्त्र तिला लिम्फेडिमा म्हणते. आपण या लेखापुरते तिला ‘लसिकासूज’ म्हणू या.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न काही सहव्यावसायिकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. बालक दवाखान्यात एकटे येत नाही. त्याच्यासोबत आई येते, आजी येते. बाळाचे वजन करून झाले, लस टोचून झाली की कधीकधी आजी हळूच विचारते, “डॉक्टर, माझं छातीचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात. सगळे म्हणतात त्या हाताने काही उचलायचं नाही. मग नातवाला उचलू का नको?” आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. शिवाय हा आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे अगोदरच्या वयात दिसतो. म्हणजे प्रश्न केवळ आजीचा नाही, कडेवर मूल असलेल्या आईचाही आहे.

या प्रश्नाला कित्येक वर्षे एकच उत्तर मिळत आले: “नको, हाताला जपा.” हे उत्तर आज शास्त्राला धरून राहिलेले नाही, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे. हाताला जपावयाचे आहे, परंतु त्याला बसवून ठेवावयाचे नाही. सुरुवातीची लक्षणे ओळखणे, हात नियमित मोजणे आणि व्यायाम पायरीपायरीने वाढविणे ही खरी जपणूक होय.

लसिकासंस्था: शरीराचा दुसरा प्रवाह

रक्तवाहिन्यांतून पेशींकडे पाझरलेल्या द्रवाचा बराचसा भाग पुन्हा रक्तात परततो. जो भाग मागे उरतो, तो अत्यंत नाजूक वाहिन्यांचे जाळे गोळा करते. हाच द्रव म्हणजे लसिका. दररोज सुमारे दोन ते तीन लिटर लसिका अशा रीतीने छातीतील मोठ्या शिरांत परत सोडली जाते. वाटेत तिला लसिकाग्रंथींच्या चौक्या लागतात. पायाला ठेच लागून ती चिघळली की जांघेत ‘अवधाण’ येते, हा आपल्या घराघरांतील अनुभव आहे. ते अवधाण म्हणजे जंतूंशी झुंजणारी सुजलेली लसिकाग्रंथीच असते.

हाताची आणि स्तनाची बहुतांश लसिका काखेतील वीस ते तीस ग्रंथींमधून जाते. या प्रवाहाला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. लसिकावाहिन्यांचे स्वतःचे लयबद्ध आकुंचन, शेजारच्या स्नायूंचा दाब आणि श्वासागणिक छातीत होणारा दाबातील बदल या तिघांच्या जोरावर तो चालतो. ही गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढे सांगावयाच्या व्यायामाचे सारे मर्म तिच्यात आहे. स्नायू हलला तर लसिका हलते. निश्चल हातात ती रेंगाळते.

सूज का येते?

स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा प्रथम बहुधा काखेतील ग्रंथींत जातो. म्हणून त्या काढून तपासणे हा शस्त्रक्रियेचा भाग असतो आणि कधीकधी तेथे किरणोपचारही द्यावे लागतात. परिणामी लसिकेचा मोठा रस्ता अरुंद होतो. बहुसंख्य स्त्रियांमध्ये आजूबाजूच्या लहान वाहिन्या हे काम सांभाळून घेतात. काहींमध्ये त्या अपुऱ्या पडतात आणि प्रथिनयुक्त द्रव त्वचेखाली साचू लागतो. तो दीर्घकाळ साचून राहिला की तेथे चरबी आणि तंतुमय ऊती वाढतात. सुरुवातीला बोटाने दाबल्यास खड्डा पडणारी मऊ सूज मग कठीण होत जाते.

धोका सर्वांना सारखा नसतो. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार काखेतील ग्रंथींचा संपूर्ण समूह काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीला ही सूज येते. सेंटिनल नोड बायॉप्सी, म्हणजे काखेतील पहिल्या एकदोन ‘पहारेकरी’ ग्रंथीच काढून तपासण्याची पद्धत वापरली असल्यास हे प्रमाण शंभरात पाचसहांवर येते. काखेवरील किरणोपचार, लठ्ठपणा आणि हातातील वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांनी धोका वाढतो. सूज बहुतेकदा उपचारानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत दिसते, तथापि ती कित्येक वर्षांनीही येऊ शकते.

आपल्या भागातील, विशेषतः खानदेशातून येथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचा उपचारासाठी मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंध येतो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने या बाबतीत आपल्या देशाला उपयुक्त असे काम केले आहे. पहारेकरी ग्रंथी शोधण्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्य आणि विशेष उपकरण लागते. ते सर्वत्र परवडत नाही. तेथील शल्यचिकित्सकांनी काखेच्या केवळ खालच्या ठरावीक भागातील ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली आणि ती सेंटिनल पद्धतीला पर्याय ठरू शकते असे दाखवून दिले. निवडक रुग्णांत संपूर्ण काख मोकळी करण्याचा प्रसंग त्यामुळे टळू शकतो. ‘माझ्या काखेतील किती ग्रंथी काढल्या?’ हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक रुग्णाने आपल्या शल्यचिकित्सकांना विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. पुढील आयुष्यात तो आकडा उपयोगी पडतो.

पहिली चाहूल

लसिकासूज एका रात्रीत हत्तीपायासारखी होत नाही. ती अगोदर निरोप धाडते. तो निरोप डोळ्यांना दिसण्यापूर्वी हाताला जाणवतो. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे:

हात जड वाटणे, भरून आल्यासारखा किंवा थकल्यासारखा वाटणे. विशेषतः दुपारनंतर किंवा काम केल्यावर हे जाणवते.

कालपर्यंत सैल असलेल्या बांगड्या मनगटावर रुतू लागणे, अंगठी न निघणे, ब्लाउजची एकच बाही घट्ट होणे.

त्वचा ताणल्यासारखी वाटणे. हाताच्या मागील बाजूच्या शिरा किंवा बोटांच्या पेरांवरील सुरकुत्या दुसऱ्या हाताच्या मानाने पुसट दिसणे.

मनगट, बोटे किंवा कोपर वाकविताना आखडल्यासारखे होणे.

सूज हातापुरतीच मर्यादित असते असेही नाही. ती उरलेल्या स्तनात, काखेखालच्या बरगडीवर किंवा पाठीच्या त्या बाजूस येऊ शकते. अंतर्वस्त्राचा पट्टा खोल उमटू लागणे ही त्याची खूण होय.

प्रारंभीच्या अवस्थेत रात्री हात उशीवर उंच ठेवून झोपल्यास सकाळी सूज उतरलेली असते. त्यामुळे रुग्ण निर्धास्त होतात आणि येथेच वेळ दवडला जातो. वस्तुतः हाच उपचाराचा सर्वांत फलदायी काळ असतो. एकदा ऊती कठीण झाल्या की सूज आटोक्यात ठेवता येते, मात्र पूर्णपणे घालविणे अवघड होते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत काखेतून दंडाकडे, क्वचित मनगटापर्यंत, सुतळीसारखी ताणलेली दोरी हाताला लागते आणि हात वर नेताना दुखते. हिला घाबरू नये. ही कर्करोगाची गाठ नव्हे. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हलके ताण देणारे व्यायाम केल्यास ती बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत नाहीशी होते.

घरच्या घरी मोजमाप

शिंप्याकडील साधी टेप यासाठी पुरेशी आहे. बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती, मनगटाभोवती, कोपराच्या घडीपासून खाली १० सेंटिमीटरवर आणि घडीपासून वर १० सेंटिमीटरवर, अशा चार ठिकाणी दोन्ही हातांचा घेर मोजावा. टेप त्वचेला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. महिन्यातून एकदा, दिवसाच्या ठरावीक वेळी मोजून तारखेसह वहीत नोंद करावी. शक्य झाल्यास पहिली नोंद शस्त्रक्रियेच्या अगोदरचीच असावी, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो. कोणत्याही एका ठिकाणी दोन हातांमधील फरक पूर्वीच्या मानाने २ सेंटिमीटर किंवा अधिक वाढला, अथवा टेप काहीच दाखवीत नसली तरी जडपणा आठवडाभर टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे.

आपण बालकाचे वजन तक्त्यावर मांडतो ते एका आकड्यासाठी नव्हे, त्या रेषेच्या दिशेसाठी. आजीच्या वहीतील हे आकडेही तसेच वाचावेत.

प्रत्येक सूज लसिकासूज नव्हे

हात सुजला की सुरतेत प्रथम हत्तीरोगाचा संशय घेतला जातो आणि घरोघरी दुसरी भीती असते ती आजार उलटल्याची. दोन्ही गोष्टी तपासूनच ठरवाव्यात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच बाजूचा हात हळूहळू, वेदनेविना सुजला तर कारण बहुधा लसिकामार्गातील अडथळा हेच असते. हत्तीरोगाच्या परजीवीचा पुरावा रक्तात मिळाला नसताना डायइथिलकार्बामाझिनच्या गोळ्या देऊन ही सूज उतरणार नाही.

मात्र पुढील परिस्थितीत विलंब करू नये. हात एकाएकी, एकदोन दिवसांत सुजला, निळसर झाला किंवा छातीवरील शिरा ठळक दिसू लागल्या, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. केमोथेरपीसाठी त्या बाजूस पोर्ट किंवा नळी बसविली असल्यास ही शक्यता अधिक. तातडीने डॉप्लर तपासणी करावी. सुजेसोबत हाताची शक्ती कमी होणे, सतत वाढती वेदना, बधिरता, काखेत किंवा गळ्याच्या हाडावर कठीण गाठ अशी लक्षणे असल्यास कर्करोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. वर्षानुवर्षांच्या जुन्या सुजेवर जांभळट चट्टे उमटले तर तेही दाखवावेत. असे क्वचितच घडते, परंतु दुर्लक्ष करण्याजोगे ते नाही.

‘हाताला आराम द्या’ या समजुतीचा इतिहास

एके काळी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला हातांनी जोराचे, पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम कायमचे वर्ज्य सांगितले जाई. हातात पाचसात किलोंपेक्षा अधिक वजन घेऊ नये, असा दंडकच होता. त्यामागचा तर्क असा की श्रमामुळे हाताकडे रक्तप्रवाह वाढेल, लसिका अधिक तयार होईल आणि अरुंद मार्गातून ती जाऊ शकणार नाही. तर्क वरकरणी बिनचूक होता. त्याची परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती.

ती परीक्षा १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी घेतली. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ स्त्रियांना त्यांनी पद्धतशीर सराव देऊन ‘ड्रॅगन बोट’ या लांब होडीत वल्ही मारावयास बसविले. हातांच्या याहून जोरकस आणि पुनरावृत्तीच्या श्रमाची कल्पना करणे कठीण. त्या हंगामात एकाही स्त्रीच्या हाताला नव्याने सूज आली नाही. आज जगभर अशा स्त्रियांचे होडीसंघ आहेत.

चोवीस स्त्रियांच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही. म्हणून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी तुलनात्मक चाचण्या केल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत अगोदरच लसिकासूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढविलेल्या वजनांचा व्यायाम केला, निम्म्यांनी केला नाही. सूज वाढण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे ११ आणि १२ टक्के होते. परंतु सूज एकाएकी उसळून उपचार घ्यावे लागण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के आढळले. २०१० सालच्या दुसऱ्या चाचणीत सूज नसलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रिया होत्या. त्यांच्यातील पाच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्या गटात व्यायाम करणाऱ्यांपैकी ७ टक्के, तर न करणाऱ्यांपैकी २२ टक्के स्त्रियांना सूज आली. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमधील चाचणीनेही दाखविले की शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरू केलेल्या, मार्गदर्शित व्यायामामुळे वर्षअखेर हाताची कार्यक्षमता अधिक चांगली राहते आणि लसिकासूज वाढत नाही.

या चाचण्यांमधील एक गोष्ट नजरेआड होऊ नये. श्मिट्झ यांच्या पहिल्या चाचणीत पहिले तेरा आठवडे व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाला होता. वजन अगदी थोडे किंवा शून्य धरून सुरुवात केली होती आणि सूज असलेल्या स्त्रियांनी दाब देणारी बाही घातली होती. म्हणून निष्कर्ष ‘वाटेल ते उचला’ असा नाही. तो ‘हळूहळू वाढवा आणि हाताचे ऐका’ असा आहे.

व्यायामाचा क्रम

पुढील क्रम मार्गदर्शनापुरता आहे. आपल्या शल्यचिकित्सकांनी व फिजिओथेरपिस्टनी दिलेली सूचना नेहमी प्रथम मानावी. त्वचारोपण किंवा स्तनाची पुनर्रचना केली असल्यास हे अधिक महत्त्वाचे.

पहिला टप्पा, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून नळी निघेपर्यंत: मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरविणे, कोपर वाकविणे व सरळ करणे, दोन्ही खांदे वर उचलून सैल सोडणे आणि पोट फुगवून घेतलेले दीर्घ श्वास. हे दिवसातून तीनचार वेळा करावे. हात खांद्याच्या उंचीपेक्षा वर नेऊ नये. जेवणे, तोंड धुणे अशा साध्या क्रिया त्याच हाताने कराव्यात.

दुसरा टप्पा, नळी निघून जखम सुकू लागल्यावर: भिंतीसमोर उभे राहून बोटे पायऱ्या चढल्यासारखी वर नेणे, उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्याकडे नेणे, हात मानेमागे आणि कमरेमागे नेणे. प्रत्येक प्रकार पाच ते दहा वेळा करावा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. किरणोपचाराच्या वेळी हात डोक्यावर धरून निजावे लागते, म्हणून तो त्यापूर्वीच मोकळा झालेला असणे आवश्यक आहे. किरणोपचाराने ऊती पुढेही आखडत जातात, म्हणून हे ताणाचे व्यायाम उपचार संपल्यानंतरही चालू ठेवावेत.

तिसरा टप्पा, साधारणतः सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर: आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास झपझप चालणे. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, हाताच्या बळाचे व्यायाम. प्रथम नुसत्या हातांनी, मग अर्धा लिटर पाण्याची बाटली घेऊन. ती म्हणजे अर्ध्या किलोचे वजनच होय. आठदहा आवर्तने पुरेत. दोन वेळा व्यायाम करून हात जड झाला नाही तरच पुढची लहानशी पायरी चढावी. आठवडाभर व्यायाम सुटला तर पुन्हा एक पायरी खाली येऊन सुरुवात करावी.

व्यायामानंतर स्नायू थकणे स्वाभाविक आहे. परंतु जडपणा, ताण किंवा सूज दुसऱ्या दिवशीही उरली, तर प्रमाण अधिक झाले असे समजून कमी करावे. हातात सूज असेल तर बळाचे व्यायाम करताना योग्य मापाची दाब देणारी बाही घालावी. योगासने अवश्य करावीत, मात्र सारा भार तळहातांवर येणारी आसने आणि सूर्यनमस्कार बळ आल्यानंतरच सुरू करावेत.

घरकाम, जॉबवर्क आणि नातवंडे

पर्वत पाटिया, लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील अनेक भगिनी घरबसल्या साड्यांचे जॉबवर्क करतात. लेस लावणे, स्टोन चिकटविणे, धागे कापणे ही कामे वजनाची नसली तरी तासन्‌तास एकाच पवित्र्यात हात अडकवून ठेवणारी असतात. उपचारानंतर हे काम सोडावे लागेल, अशी भीती त्यांना वाटते. ते सोडण्याची गरज नाही. सुरुवातीस तासभर, मग दोन तास असे वाढवावे. दर वीसपंचवीस मिनिटांनी हात वर नेऊन दहा वेळा मूठ उघडमीट करावी आणि चार दीर्घ श्वास घ्यावेत. सुई चालविताना अंगुस्तान वापरावे.

भाकरी थापणे, कणीक मळणे, कपडे पिळणे हेही व्यायामच आहेत, फक्त त्यांचे माप आपण ठेवीत नाही. कानबाईच्या रोटांचा स्वयंपाक किंवा उन्हाळ्यातील कुरडया-पापड यांत एका दिवशी महिन्याचे श्रम होतात. अशा दिवशी काम वाटून घ्यावे. नवरात्रात सुरतेत राहून गरबा खेळू नका असे मी कोणाला सांगणार नाही. टाळ्यांचा गरबा हा हातांचा उत्तम व्यायाम आहे. फक्त पहिल्याच रात्री चार तास न खेळता अर्ध्या तासापासून आरंभ करावा.

आता नातवाचा प्रश्न. निसर्गाने बाळाच्या रूपाने जणू वाढत्या वजनाचा व्यायामच योजला आहे. आपल्याकडील नवजात बालक अडीच ते तीन किलोंचे असते, पाच महिन्यांत त्याचे वजन दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. पहिल्या सहा आठवड्यांत आजीने बसावे आणि बाळ दुसऱ्याने मांडीवर द्यावे. मांडीवर घेण्यास कधीही बंदी नाही. त्यानंतर बाटलीच्या व्यायामाने हात तयार करीत न्यावे. बाळ उचलताना गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, छातीशी धरून उचलावे. एका हाताला हिसका देऊन उचलू नये. नऊदहा किलोंचे चालते मूल एका हातावर तासभर घेऊन फिरण्याचा अट्टहास मात्र नको. आणि एक बालरोगतज्ज्ञाची सूचना: बाळाची नखे नियमित कापा. त्या इवल्याशा नखांचा ओरखडा सुजलेल्या हाताला पुरेसा त्रास देऊ शकतो.

त्वचा म्हणजे तटबंदी

ज्या हातात लसिका साचते त्या हातात जंतूंना खाद्य मिळते आणि त्यांना रोखणाऱ्या चौक्या कमी झालेल्या असतात. हत्तीपायाच्या रुग्णांना शिकविली जाणारी स्वच्छतेची शिस्त येथेही तंतोतंत लागू पडते. हात रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा, खोबरेल तेल किंवा साधे मलम लावून त्वचा मऊ ठेवावी. भांडी घासताना हातमोजे, तव्याजवळ जाड फडके, संध्याकाळी डासांपासून संरक्षण, नखांभोवतीची कातडी न ओढणे या साध्या गोष्टी पाळाव्यात.

हात लाल, गरम आणि दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविके तत्काळ सुरू व्हावयास हवीत. ताप उतरेपर्यंत व्यायाम, मालिश आणि दाबाची बाही थांबवावी. प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या वाहिन्यांची हानी करतो आणि सूज एक पायरी वर नेतो.

त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, सुई टोचू नये, विमानात बसू नये, अशीही भीती घातली जाते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील सहाशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, या गोष्टींचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. जंतुसंसर्ग आणि वाढलेले वजन यांचा मात्र आढळला. दुसरा हात उपलब्ध असता तोच वापरावा, हे ठीक. परंतु आणीबाणीत या भीतीपायी उपचार अडू देऊ नयेत.

सूज आलीच तर

त्वचेची निगा, प्रशिक्षित हातांनी केलेला अत्यंत हलका लसिकानिचरा, अनेक पदरी पट्ट्यांचा दाब आणि पट्ट्या बांधून केलेले व्यायाम, अशी उपचाराची चतुःसूत्री आहे. लसिकानिचऱ्याची हस्तपद्धती डेन्मार्कचे एमिल वोडर यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. तेल लावून जोराने रगडण्याशी तिचा काही संबंध नाही. तसे रगडणे अपायकारक आहे. सूज उतरली की मापाची बाही दिवसा वापरावी लागते. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात ती नकोशी वाटते हे खरे. दोन बाह्या आलटून पालटून धुऊन वापरल्यास सुसह्य होते. सैल पडलेली बाही निरुपयोगी आणि मनगटावर काचणारी बाही घातक असते. नवी सिव्हिल तसेच पर्वत पाटियापासून जवळच असलेल्या स्मिमेर रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात मार्गदर्शनासाठी विचारणा करता येईल. निवडक रुग्णांत सूक्ष्मशस्त्रक्रियेने लसिकावाहिनी शिरेस जोडण्याचा पर्यायही मोठ्या केंद्रांत उपलब्ध आहे.

सहव्यावसायिकांना विनंती

‘सूज उतरण्याची गोळी’ म्हणून मूत्रल औषधे देणे टाळावे. ती पाणी काढतात, प्रथिने तशीच मागे राहतात. हात जड वाटतो अशी तक्रार आली तर ‘चालायचेच’ म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. दोन्ही हात उघडे करून टेप लावण्यास दोन मिनिटे लागतात. आणि ‘त्या हाताने काही करू नका’ हे वाक्य आपल्या तोंडून यापुढे निघू नये. एका वाक्याने स्त्री आपली कमाई, आपला स्वयंपाक आणि नातवंडांचा सहवास गमावून बसते. इतके करूनही तिचा हात सुरक्षित होत नाही, उलट दुर्बल होतो.

आपल्या समाजातील स्त्रिया स्वतःचे दुखणे शेवटी सांगतात. पुष्कळदा त्या स्वतःसाठी दवाखान्यात येतच नाहीत, मुलाबाळांना घेऊन येतात. म्हणून कुटुंबवैद्य असो, दंतवैद्य असो वा बालरोगतज्ज्ञ, समोर बसलेल्या भगिनीच्या मनगटावर रुतलेली बांगडी ज्याला प्रथम दिसेल, त्याने आपणहून विचारावे. उपचारांनी तिचे प्राण वाचविले आहेत. तिचा हात कामाचा राहावा, एवढे पाहणे आपणा सर्वांच्या हाती आहे.